काटा बंद असल्याचा निरोप : औसा तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीने एसएमएस प्लॅटफॉर्म कसा निवडला

१३ डिसेंबर २०२४ च्या सकाळी औसा तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या आवारात सोयाबीनचे कट्टे भरलेले एकोणचाळीस ट्रॅक्टर आणि टेम्पो उभे होते, आणि काटा, म्हणजे माल तोलण्याचा वजनकाटा, बंद होता. बारदाना, म्हणजे माल भरायची रिकामी पोती, संपला होता. हमीभाव खरेदीच्या त्या हंगामात राज्यातील अनेक केंद्रांवर बारदाना अपुरा पडला, त्यामुळे बारदाना संपणे हे काही या एकाच केंद्राचे दुखणे नव्हते. परंतु आदल्या दिवशी दुपारी चार वाजताच ‘उद्या काटा बंद आहे, माल आणू नये’ असा एसएमएस संबंधित सभासदांना पाठवलेला होता आणि संदेश पुरवणाऱ्याच्या पॅनलवर त्यापुढे ‘पाठवला’ असा शेराही दिसत होता. आवारातील एकाही शेतकऱ्याच्या मोबाइलवर तो आलेला नव्हता. किल्लारीच्या बाजूने भाड्याचा टेम्पो करून आलेल्या एका वयस्क सभासदाने आपला मोबाइल माझ्या हातात दिला आणि ‘तूच बघ बाबा, काही आलंय का ते,’ एवढेच म्हटले.

मी या कंपनीच्या संगणकाचे आणि हिशेबाच्या नोंदींचे काम पाहतो. संदेश पाठवण्याची जबाबदारी माझ्याकडे होती, म्हणून तो का पोहोचला नाही याचा शोध घेणे आणि पुढच्या खरिपापूर्वी दुसरी व्यवस्था उभी करणे हेही माझ्याकडेच आले. त्या सहा महिन्यांत आम्ही काय तपासले, कशाला किती वजन दिले आणि कोणत्या कारणाने निर्णय घेतला, ते येथे सविस्तर मांडत आहे. कारण बियाणे विक्रेते, दूध संकलन केंद्रे, पतसंस्था आणि लातूरच्या शिकवण्या अशा अनेकांसमोर हाच प्रश्न येतो आणि बहुतेक जण तो केवळ ‘एका एसएमएसला किती पैसे’ या एका आकड्यावर सोडवतात. आम्हीही पूर्वी तसेच केले होते.

आधीची व्यवस्था आणि ती थांबण्याचे कारण

कंपनीचे सभासद सुमारे चोवीसशे आणि गावे एकतीस. सोयाबीन, तूर आणि हरभरा यांची खरेदी, प्रतवारी व साठवण हे मुख्य काम. सभासदांना जाणारे निरोप पाच-सहा प्रकारचे असतात : तोलाईची तारीख व वेळ, काटा बंद असल्याची सूचना, तोलाईनंतरची पट्टी (वजन व रकमेचा हिशेब), खात्यात पैसे जमा झाल्याची माहिती, रोजचा भाव, आणि हंगामाच्या सुरुवातीला बियाण्यांच्या विक्रीची जाहिरात. हमीभाव खरेदीसाठी नोंदणी केलेल्या शेतकऱ्याला माल आणण्याचा दिवस एसएमएसनेच कळतो, त्यामुळे आमच्या भागातील शेतकरी एसएमएसकडे सरकारी कागदाइतक्याच विश्वासाने पाहतो. निरोप आला की तो ट्रॅक्टर ठरवतो, हमाल सांगतो, घरातले काम बाजूला ठेवतो. हा विश्वास लक्षात घेतला तर न पोहोचलेल्या संदेशाची किंमत कळते.

आम्ही ज्याच्याकडून एसएमएस घेत होतो, तो स्थानिक पुनर्विक्रेता होता. तो एका मोठ्या पुरवठादाराकडून घाऊक एसएमएस घेऊन आम्हाला विकत असे. आमच्या संदेशावर दिसणारे हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचे लघुनाव, त्याच्या नोंदणीतील होते, टेम्प्लेट, म्हणजे मजकुराचा ठरलेला साचा, हाही त्यानेच मंजूर करून घेतलेले होते, आणि आमच्या कंपनीची स्वतःची नोंदणी कुठेच नव्हती. ही गोष्ट आम्हाला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हती, कारण विचारण्याची गरज कधी भासली नव्हती.

येथे नियमांची थोडी माहिती आवश्यक आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१८ मध्ये व्यावसायिक संदेशांसाठी नवे विनियम केले आणि त्यानुसार डीएलटी नावाची ब्लॉकचेनवर आधारित नोंदणी व्यवस्था आली. संदेश पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेने दूरसंचार कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर स्वतःची नोंद करायची, आपले सहा अक्षरी हेडर मंजूर करून घ्यायचे आणि जो मजकूर पाठवायचा त्याचे टेम्प्लेट आधीच नोंदवायचे. प्रत्यक्ष संदेश जाताना तो नोंदवलेल्या टेम्प्लेटशी पडताळला जातो आणि जुळला नाही तर तेथेच अडवला जातो. मार्च २०२१ मध्ये ही पडताळणी कडक करताच देशभर बँकांचे ओटीपी अडकले होते आणि ट्रायला ती आठवडाभरासाठी स्थगित करावी लागली होती. पुढे ११ डिसेंबर २०२४ पासून आणखी एक अट लागू झाली : मूळ संस्थेपासून दूरसंचार कंपनीपर्यंत संदेश ज्या ज्या मध्यस्थांच्या हातून जातो, ती सगळी साखळी डीएलटीवर जाहीर केलेली असली पाहिजे. आमच्या पुनर्विक्रेत्याची साखळी जाहीर नव्हती. आम्ही संदेश पाठवला तो १२ डिसेंबरला. त्याच्या पॅनलवरील ‘पाठवला’ या शेऱ्याचा अर्थ इतकाच होता की संदेश त्याच्या संगणकातून पुढच्या मध्यस्थाकडे सुपूर्द झाला.

या एका शब्दावर पुढची सगळी निवड उभी राहिली. सुपूर्द होणे आणि पोहोचणे यांच्यातील फरक जो प्लॅटफॉर्म आम्हाला प्रामाणिकपणे दाखवेल, आणि जो संदेश पोहोचला नाही तो कोणाचा व का, हे त्याच संध्याकाळी सांगेल, तो आम्हाला हवा होता. पोहोचला नाही हे चार तासांत कळले तर माणूस फोन करू शकतो. दुसऱ्या दिवशी दारात ट्रॅक्टर उभा राहिल्यावर कळून उपयोग नसतो.

आधी स्वतःची नोंदणी

प्लॅटफॉर्म पाहण्याआधी आम्ही डीएलटीवर कंपनीची स्वतःच्या नावाने नोंदणी केली. पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, कंपनीच्या स्थापनेचा दाखला आणि अधिकृत व्यक्तीचे पत्र एवढे कागद लागले, जीएसटीसह ५,९०० रुपये शुल्क भरले आणि अकरा दिवस गेले. एका दूरसंचार कंपनीकडे केलेली नोंदणी इतर कंपन्यांकडेही चालते. आम्ही मागितलेले पहिले हेडर नाकारले गेले, कारण त्यातील अक्षरांचा कंपनीच्या नोंदलेल्या नावाशी संबंध दिसत नव्हता. दुसरे मंजूर झाले.

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे पाऊल हेच होते आणि कोणताही विक्रेता ते आपणहून सुचवत नाही. दोन विक्रेत्यांनी तर ‘नोंदणीची कटकट आमच्यावर सोडा’ असा आग्रह धरला. परंतु हेडर आणि टेम्प्लेट ज्याच्या नावावर, त्याच्या हाती ग्राहकाची दोरी राहते. नोंदणी स्वतःची असेल तर उद्या प्लॅटफॉर्म बदलताना फक्त नव्या पुरवठादाराची साखळी जोडावी लागते. सभासदांना दिसणारे नाव तेच राहते.

टेम्प्लेटची वर्गवारी करताना एक अडचण आली. तोलाई, पट्टी आणि पैसे जमा हे संदेश सेवाविषयक म्हणून सहज मंजूर झाले, कारण सभासदाशी आधीच झालेल्या व्यवहाराचाच तो भाग आहे. बियाण्यांची विक्री उघडच प्रचारात्मक. रोजच्या भावाचे टेम्प्लेट मात्र पहिल्यांदा परत आले. थोडा विचार केल्यावर तो आक्षेप मला योग्य वाटला : ज्याने मागितला नाही त्याला रोज भाव पाठवणे म्हणजे कंपनीकडे माल आणण्याचे आमंत्रणच आहे. म्हणून भावाचा संदेश ज्यांनी स्पष्ट संमती दिली त्यांनाच पाठवायचे ठरले. गावोगावी विचारल्यावर ८७० सभासदांनी तो मागितला. इतरांना रोज तो संदेश नकोच होता, हे आम्हाला इतकी वर्षे कळले नव्हते.

मराठीत लिहिण्याची किंमत

आता ज्या भागाकडे इंग्रजी माहितीपत्रके जवळजवळ दुर्लक्ष करतात, त्याकडे येतो. रोमन लिपीतील एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात. देवनागरीत लिहिताच संदेश युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या संकेतपद्धतीत जातो आणि मर्यादा ७० वर येते. संदेश लांबला तर तो तुकड्यांत जातो आणि तुकडे जोडण्याची माहितीही त्यात भरावी लागत असल्याने प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हेच उरतात. पैसे तुकड्यागणिक आकारले जातात. शिवाय आपण ज्याला अक्षर म्हणतो ते यंत्र अक्षर म्हणून मोजत नाही. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे असतात. ‘सोयाबीन’ हा चार अक्षरांचा शब्द सात चिन्हे घेतो. ‘ज्ञानेश्वर’ हे चार अक्षरांचे नाव दहा चिन्हे घेते.

आमच्या जुन्या संदेशांची सुरुवात ‘आदरणीय सभासद शेतकरी बंधू-भगिनींनो’ अशी असे. मी ती मोजली : तेहतीस चिन्हे. म्हणजे पहिल्या तुकड्याचा निम्मा भाग नमस्कारातच संपत होता आणि तारीख दुसऱ्या तुकड्यात जात होती. कधी कधी साध्या फोनवर तुकडे वेगवेगळे दिसत आणि दुसरा आधी येई. संचालक मंडळात यावर बरीच चर्चा झाली. एक ज्येष्ठ संचालक, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, मायना काढून टाकण्यास राजी नव्हते. शेतकऱ्याला मानाने बोलवावे, हुकूम सोडल्यासारखे लिहू नये, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते चूक नव्हते. शेवटी मान क्रियापदात ठेवायचा असे ठरले. तोलाईचे टेम्प्लेट असे झाले : ‘आपला सोयाबीन तोल उद्या सकाळी ९ वाजता. माल वाळवून आणावा.’ ही पंचावन्न चिन्हे होतात. उरलेल्या पंधरांत कंपनीचे संक्षिप्त नाव बसते, जे टेम्प्लेटमध्ये असावेच लागते. ‘आपला’ आणि ‘आणावा’ यांवर अण्णांचे समाधान झाले.

याचा पैशांतील अर्थ पाहा. चोवीसशे सभासदांना साठ दिवस रोज एक संदेश, तुकड्याला १७ पैसे दर, तर एका तुकड्याच्या संदेशाचा खर्च २४,४८० रुपये येतो आणि तीन तुकड्यांच्या संदेशाचा ७३,४४०, जीएसटी वेगळा. दोन विक्रेत्यांच्या दरात जो फरक होता, त्याच्या कितीतरी पट फरक मजकूर नीट लिहिल्याने पडत होता. रोमन लिपीत मराठी लिहून पैसे वाचवावेत ही सूचनाही आली. परंतु ‘udya kata band’ सारखी ओळ रोमन अक्षरांत आमच्या साठीच्या पुढच्या सभासदांना वाचताच येणार नाही, म्हणून आम्ही ती मान्य केली नाही.

मराठीचा आणखी एक सापळा होता आणि त्याने आमचे तीन दिवस घेतले. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द असलेले एक टेम्प्लेट मंजूर होते, तरीही संदेश पडताळणीत अडकत होता. मजकूर डोळ्यांना अगदी तोच दिसत होता. शेवटी चिन्हांचे क्रमांक काढून पाहिले तेव्हा उलगडा झाला : ‘ऱ्य’मधला अर्धा र एका कीबोर्डवर ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरून उमटतो, तर दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांपासून बनतो. टेम्प्लेट एका प्रकारे नोंदले होते, संदेश दुसऱ्या प्रकारे जात होता. त्यानंतर सर्व टेम्प्लेट एकाच संगणकावर, एकाच कीबोर्डने लिहायचे आणि पोर्टलवर मंजूर झालेला मजकूरच उचलून प्रणालीत भरायचा, असा नियम केला. मराठीत संदेश पाठवणाऱ्या प्रत्येकाने हा नियम पहिल्याच दिवशी करावा. बदलत्या मजकुरासाठी ठेवलेल्या जागेतही ३० चिन्हांची मर्यादा होती. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव मिळून होणारे पूर्ण नाव अनेकदा तीत बसत नव्हते, म्हणून नावाऐवजी सभासद क्रमांक घातला.

तीन प्लॅटफॉर्म, चाळीस फोन

बाजारात पर्याय भरपूर आहेत. ट्विलिओ आणि अॅमेझॉन वेब सर्व्हिसेससारख्या आंतरराष्ट्रीय क्लाउड सेवा आहेत, गपशप, एक्झोटेल, एमएसजी९१ यांसारख्या भारतात घडलेल्या आहेत, आणि या साऱ्यांच्या खाली पुनर्विक्रेत्यांची मोठी रांग आहे. सेवा देशी असो वा विदेशी, भारतातील देशांतर्गत मार्गाने एसएमएस पाठवायचा तर डीएलटीवरील संस्था क्रमांक आणि टेम्प्लेट क्रमांक द्यावाच लागतो. आंतरराष्ट्रीय मार्गाने तो पाठवता येतो, पण तेव्हा पैशांतला दर रुपयांत जातो आणि कंपनीचे मंजूर हेडर दिसत नाही. हा मार्ग आमच्यासाठी पहिल्याच बैठकीत बाद झाला.

आम्ही तीन प्लॅटफॉर्म चाचणीसाठी घेतले. चाचणीतील निष्कर्ष आमच्या छोट्या नमुन्याचे आहेत, म्हणून नावे देत नाही. पहिल्याचा दर तुकड्याला १३ पैसे, दुसऱ्याचा १७, तिसऱ्याचा २४. तिघांनाही आमच्या डीएलटी नोंदणीत साखळी जोडून दिली. चार गावांतील चाळीस सभासदांचे फोन निवडले. त्यांत जिओ, एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल अशी चारही सिमकार्डे होती, सोळा फोन साधे बटणांचे होते, आणि एक गाव मुद्दाम असे घेतले होते की जेथे गावाच्या एका अंगालाच रेंज येते. एकाच मजकुराचा संदेश तिन्ही प्लॅटफॉर्मवरून एका तासाच्या अंतराने पाठवला. दुसऱ्या दिवशी आमच्या गावनिहाय समन्वयकांनी घरोघर जाऊन फोन हातात घेऊन पाहिले. सभासदाला फोनवर ‘आला का’ असे विचारणे आम्ही टाळले, कारण चांगला माणूस समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून ‘आला असेल’ असेच म्हणतो.

पहिल्या प्लॅटफॉर्मच्या अहवालात चाळीसही संदेश ‘पोहोचले’ होते. प्रत्यक्षात तेहतीस फोनमध्ये सापडले. दुसऱ्याच्या अहवालात पस्तीस पोहोचले आणि पाच पोहोचले नाहीत असे होते, पाचांपुढे कारणही होते : दोन क्रमांक बंद, दोन फोन संपर्काबाहेर, एकाच्या फोनमधली जागा भरलेली. पस्तीस फोनमध्ये संदेश सापडले. तिसऱ्याच्या अहवालात छत्तीस होते आणि छत्तीसच सापडले.

चाळीस फोनांवरून कोणत्याही प्लॅटफॉर्मचे पूर्ण मूल्यमापन होत नाही हे मी जाणतो. परंतु जे क्रमांक महिनोन् महिने बंद आहेत, त्यांच्यावरही संदेश पोहोचला असे जो अहवाल सांगतो, त्यावर विसंबून काटा बंद असल्याचा निरोप पाठवता येत नाही, एवढा निष्कर्ष काढायला चाळीस फोन पुरेसे होते. आमच्या दृष्टीने पाच अपयशे दाखवणारा अहवाल सगळे यश दाखवणाऱ्या अहवालापेक्षा मोलाचा होता.

चार पैशांचा प्रश्न

संचालक मंडळात पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे दराचा आला : तुकड्यामागे चार पैसे जास्त का द्यायचे? वर्षभरात तिन्ही हंगाम मिळून आमचे सुमारे दीड लाख तुकडे जातील असा अंदाज होता. त्यावर चार पैशांचा फरक सहा हजार रुपये होतो. त्या डिसेंबरच्या एका सकाळी आलेल्या एकोणचाळीस वाहनांचे भाडे सरासरी दीड हजार धरले तर साडेअठ्ठावन्न हजार रुपये होतात, आणि ते सगळे शेतकऱ्यांच्या खिशातून गेले. त्यात हमाली, परत नेताना भिजलेला वा सांडलेला माल आणि मोडलेला दिवस धरलेला नाही. हा हिशेब कागदावर मांडल्यावर पहिला प्लॅटफॉर्म कोणीही पुन्हा सुचवला नाही.

दुसरा की तिसरा, हा निर्णय अवघड होता. तिसऱ्याचे तांत्रिक दस्तऐवज उत्तम होते, आमच्या तोलाईच्या प्रणालीशी तो दोन दिवसांत जोडला गेला, अहवालही अचूक होता. परंतु बिल डॉलरमध्ये येणार होते, रक्कम कार्डावरून आपोआप वळती होणार होती, आणि अडचण आल्यास इंग्रजीत ऑनलाइन तक्रार नोंदवून उत्तराची वाट पाहावी लागणार होती. आमच्या कार्यालयात संध्याकाळी जो मुलगा संदेश पाठवतो, तो वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, हुशार आहे. पण काटा बंद पडलेल्या संध्याकाळी त्याला फोन उचलणारा माणूस हवा. दुसऱ्या प्लॅटफॉर्मने मराठी व हिंदीत बोलणारा संपर्क दिला, संध्याकाळी आठपर्यंत. मी मुद्दाम तीन वेगवेगळ्या दिवशी साडेसातला फोन करून पाहिला. तिन्ही वेळा उत्तर मिळाले. आम्ही दुसरा निवडला.

व्हॉट्सअॅपची सोय दुसऱ्याकडे त्याच पॅनलवर होती, हेही एक कारण होते. एसएमएसवरील चिन्हांची अडचण तेथे नसते. टेम्प्लेटचा मजकूर १,०२४ चिन्हांपर्यंत जाऊ शकतो आणि पट्टी पीडीएफ म्हणून जोडता येते. मात्र दर समजून घेताना आमची एकदा फसगत होता होता राहिली. एका विक्रेत्याने दिलेले दरपत्रक चोवीस तासांच्या संभाषणाच्या हिशेबावर होते, आणि १ जुलै २०२५ पासून व्हॉट्सअॅपने संदेशागणिक आकारणी सुरू केली. ते दरपत्रक तसेच मंजूर केले असते तर खरिपात सगळा अंदाज चुकला असता. सेवाविषयक संदेशाचा दर प्रचारात्मक संदेशाच्या मानाने बराच कमी असतो, म्हणून पट्टीच्या टेम्प्लेटमध्ये बियाण्यांची एक ओळही घालायची नाही हे ठरवून टाकले. एका ओळीने सगळा संदेश प्रचारात्मक ठरतो.

पट्टी आधी व्हॉट्सअॅपवर जाते आणि अर्ध्या तासात पोहोचल्याची खूण आली नाही तर एका तुकड्याचा एसएमएस जातो. तोलाईची वेळ आणि काटा बंद हे निरोप मात्र नेहमी एसएमएसनेच, कारण साध्या फोनवर, इंटरनेट नसताना, अशक्त रेंजमध्येही तो शिरतो. संदेशात कोणतीही लिंक द्यायची नाही हेही ठरले. ऑक्टोबर २०२४ पासून एसएमएसमधील लिंक आधी नोंदवाव्या लागतात, पण आमचे कारण वेगळे होते : पैसे जमा झाल्याच्या संदेशात लिंक दाबण्याची सवय सभासदाला आपणच लावली, तर उद्या फसवणारा त्याच सवयीचा फायदा घेईल.

करारात दोन गोष्टी लिहून घेतल्या. सभासदांचे क्रमांक केवळ आमच्या संदेशांसाठी वापरायचे, कोणत्याही कृषी निविष्ठा कंपनीला वा अन्य ग्राहकाला द्यायचे नाहीत आणि करार संपल्यावर पुसायचे, ही पहिली. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यानुसार अशा माहितीची जबाबदारी शेवटी आमच्यावर येते, पुरवठादाराचे नाव पुढे करून ती टाळता येत नाही. पोहोच-अहवाल जसा दूरसंचार कंपनीकडून येतो तसा, कारणाच्या सांकेतिक क्रमांकासह आम्हाला मिळेल, ही दुसरी.

नोंदवहीतील क्रमांक

सगळ्यात जास्त कष्ट ज्यात गेले, त्याचा प्लॅटफॉर्मशी संबंध नव्हता. सभासद नोंदवहीत २१२ क्रमांक एकापेक्षा जास्त नावांपुढे होते. अनेकांपुढे मुलाचा क्रमांक होता, आणि मुलगा पुण्यात नोकरीला. तोलाईचा निरोप हिंजवडीत वाचला जायचा आणि गावात पोहोचेपर्यंत रात्र व्हायची. काही क्रमांक बंद होऊन दुसऱ्याच कोणाला मिळाले होते, कारण बंद झालेला क्रमांक नव्वद दिवसांनंतर नव्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे आमच्या सभासदाच्या खात्यात किती रक्कम जमा झाली हे एखाद्या अनोळखी माणसाला कळत होते. मे महिन्यात समन्वयकांनी घरोघर जाऊन प्रत्येक क्रमांकावर त्यांच्यासमोर एक संदेश पाठवून खात्री केली, भावाच्या संदेशाची संमती मराठी फॉर्मवर सही किंवा अंगठ्याने घेतली, आणि ज्यांच्या घरात वाचणारे कोणी नाही अशा चौसष्ट सभासदांची वेगळी यादी केली. त्यांना माणूस फोन करतो. ध्वनिमुद्रित कॉलचा पर्याय पाहिला होता, पण अनोळखी क्रमांकावरून आलेला यांत्रिक आवाज आमच्याकडे बहुतेक जण दुसऱ्या शब्दाला बंद करतात.

पहिला खरीप

सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने मराठवाड्यात जे केले ते सर्वांना माहीत आहे. रास करायला निघालेले सोयाबीन पाण्यात उभे होते, अनेक गावांत दोन-दोन दिवस वीज नव्हती आणि फोन बंद पडले होते. त्या दिवसांत एक साधी तांत्रिक गोष्ट फार उपयोगी पडली : संदेश न पोहोचल्यास दूरसंचार कंपनीचे केंद्र तो किती वेळ धरून ठेवेल, ही मुदत प्लॅटफॉर्मवर ठरवता येते. पीक सल्ल्याच्या संदेशाला दोन दिवसांची मुदत दिली, त्यामुळे वीज येऊन फोन सुरू होताच तो मिळत गेला. काटा बंद असल्याच्या संदेशाची मुदत मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंतच ठेवली. त्यानंतर पोहोचलेला तो निरोप पुढच्या दिवशीचा समजला जाऊन नवाच घोटाळा झाला असता.

नोव्हेंबरच्या अखेरीस वजनकाट्यात बिघाड झाला आणि जुन्या प्रसंगाची कसोटी पुन्हा लागली. दुपारी साडेतीनला ६११ सभासदांना निरोप गेला. सहा वाजेपर्यंत ५७४ जणांना पोहोचल्याचा अहवाल आला आणि ३७ जणांची यादी, गाव आणि कारणासह, छापून टेबलावर आली. रात्री साडेआठपर्यंत समन्वयकांनी त्यांपैकी पस्तीस जणांना फोनवर किंवा शेजाऱ्यामार्फत गाठले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन टेम्पो आले. एकाच्या फोनची बॅटरी संपलेली होती. दुसऱ्याच्या नावापुढे नोंदवहीत अजूनही पुण्यातल्या मुलाचाच क्रमांक होता. दोघांचा माल शेडमध्ये उतरवून घेतला, कट्टे मोजून सही केलेली चिठ्ठी दिली आणि काटा दुरुस्त झाल्यावर पहिला तोल त्यांचा केला.